भार सांभाळून सारांश-तक्ते: सर्वेक्षणाच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यात नळाचे पाणी किती घरांत पोहोचले आहे, हे एका स्थानिक संस्थेला पाहायचे आहे असे समजू. तालुक्यात २०,००० कुटुंबे आहेत. त्यांपैकी १८,००० मोठ्या गावांत राहतात आणि २,००० कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर. या संख्या हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेल्या आहेत. संस्थेजवळ ५०० घरांपर्यंत जाण्याइतकेच मनुष्यबळ आहे. घरांच्या प्रमाणात निवड केली, तर पोडांच्या वाट्याला जेमतेम ५० घरे येतात, आणि तेवढ्यावरून पोडांबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. कोलाम ही महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी एक आहे (इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड), त्यामुळे पोडांची स्थिती वेगळी काढून पाहणे हाच अशा पाहणीचा अर्धा हेतू असतो. म्हणून संस्था मोठ्या गावांतली ३०० आणि पोडांवरची २०० घरे घेते. हा निर्णय योग्यच आहे. मात्र त्याची किंमत पुढे तक्ता करताना चुकवावी लागते.

समजा, मोठ्या गावांतल्या ३०० पैकी २१० घरांत नळ आढळला, म्हणजे ७० टक्के. आणि पोडांवरच्या २०० पैकी ५० घरांत, म्हणजे २५ टक्के. आता संपूर्ण तालुक्याचा आकडा काढण्यासाठी कोणी २१० आणि ५० यांची बेरीज करून तिला ५०० ने भागले, तर ५२ टक्के असे उत्तर येते. हे उत्तर चुकीचे आहे, कारण नमुन्यात पोडांचा वाटा ४० टक्के असला तरी तालुक्यात तो केवळ १० टक्के आहे. मोठ्या गावातले विचारलेले प्रत्येक घर तालुक्यातल्या ६० घरांचे प्रतिनिधित्व करते (१८,००० भागिले ३००), तर पोडावरचे प्रत्येक घर १० घरांचे (२,००० भागिले २००). या ६० आणि १० लाच भार म्हणतात. बोलण्यात त्याला सर्रास ‘वेट’ म्हटले जाते. भार लावून हिशेब केला, तर २१० गुणिले ६० अधिक ५० गुणिले १०, म्हणजे १३,१०० घरांत नळ आहे आणि तालुक्याचा आकडा ६५.५ टक्के येतो. ५२ आणि ६५.५ यांतला फरक एवढा मोठा आहे, की पहिल्या आकड्यावर तालुक्याच्या बैठकीत बोलणारा माणूस पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यासमोर सहज तोंडघशी पडेल.

आमच्याकडे भार हा शब्द ऐकला की लोकांना आधी भारनियमन आठवते. प्रशिक्षणात हा विनोद दरवेळी होतो आणि दरवेळी उपयोगीही पडतो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: कोणाच्या वाट्याला किती यावे.

सॉफ्टवेअरला काय हवे असते

भार हा सॉफ्टवेअरला सांगण्याच्या तीन गोष्टींपैकी एक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे स्तर, अर्थात नमुना ज्या भागांतून वेगवेगळा काढला ते भाग. आपल्या उदाहरणात मोठी गावे हा एक स्तर आणि पोड हा दुसरा. तिसरी गोष्ट म्हणजे समूह. ३०० घरे काही तालुकाभर विखरून निवडलेली नसतात. आधी २० गावे निवडली जातात आणि प्रत्येक गावात १५ घरे घेतली जातात, तसेच २० पोड निवडून प्रत्येकी १० घरे घेतली जातात. येथे गाव किंवा पोड हा समूह आहे.

भारामुळे टक्केवारी बदलते, तर समूहामुळे त्या टक्केवारीवरचा विश्वास बदलतो, आणि नवखी मंडळी नेमकी हीच दुसरी बाब सोडून देतात. गावात जलवाहिनी आली असेल तर शेजारच्या दहा घरांतही नळ असतो, आणि टाकी कोरडी असेल तर सगळेच कोरडे असतात. त्यामुळे एकाच गावातली १५ घरे विचारून मिळणारी माहिती १५ वेगवेगळ्या गावांतल्या १५ घरांइतकी नसते. गावांतर्गत सारखेपणाचा गुणांक ०.१ धरला, तर १ अधिक (१५ वजा १) गुणिले ०.१, म्हणजे २.४ हा आराखड्याचा परिणाम येतो, अर्थात समूहांमुळे माहिती किती पटीने घटते ते. ३०० ला २.४ ने भागले की १२५ उरतात. विचारलेली ३०० घरे माहितीच्या दृष्टीने १२५ घरांइतकीच ठरतात. ७० टक्क्यांवरची त्रुटीची मर्यादा साध्या सूत्राने उणे-अधिक ५.२ अंक दिसते, प्रत्यक्षात ती सुमारे ८ असते. नळासारख्या गोष्टीत हा गुणांक ०.१ पेक्षा मोठा असण्याचीच शक्यता अधिक, म्हणून ८ हाही सौम्य अंदाज समजावा.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

एक्सेल सगळ्यांकडे असते आणि केवळ भारित टक्केवारी हवी असेल तर ते पुरते: उत्तराचा स्तंभ १ आणि ० असा ठेवून ‘समप्रॉडक्ट’ या सूत्राने भाराशी गुणावा आणि भारांच्या बेरजेने भागावा. त्रुटीची मर्यादा मात्र त्यात सरळ मार्गाने मिळत नाही. एसपीएसएसमध्ये ‘वेट केसेस’ ही सोय असते, आणि तिच्याबद्दल स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे: ती भाराला नोंदींची पुनरावृत्ती समजते, म्हणजे ६० भार दिला तर तेच घर ६० वेळा विचारले असे मानते. टक्केवारी बरोबर येते, पण ५०० घरांची पाहणी सॉफ्टवेअरच्या लेखी २०,००० घरांची होते आणि क्षुल्लक फरकही फार महत्त्वाचा ठरतो. त्यासाठी एसपीएसएसमध्ये ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’ हा वेगळा विभाग आहे. स्टाटामध्ये ‘एसव्हीवायसेट’ या आज्ञेने हे काम फार नीट होते, पण ते विकत घ्यावे लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे एपी इन्फो मोफत आहे आणि आरोग्याच्या छोट्या पाहण्यांना चालते.

माझी शिफारस ‘आर’ची आहे. ते मोफत आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते आणि केलेले काम आज्ञांच्या रूपात लिहून राहते, त्यामुळे पुढच्या वर्षीची पाहणी आली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. भारित सर्वेक्षणांसाठीचे ‘सर्व्हे’ हे पॅकेज (आरला जोडायचा तयार आज्ञांचा संच) लिहिणारे थॉमस लम्ली हेही त्याच विद्यापीठात प्राध्यापक आहेत. छापण्याजोगे तक्ते तयार करणारे ‘जीटीसमरी’ हे पॅकेज डॅनियल शोबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. ते स्वतः गणित न करता ‘सर्व्हे’कडून करवून घेते आणि त्याचा तक्ता मांडते. या लेखात या दोन पॅकेजांच्या जोडीनेच काम केले आहे.

एक सूचना आधीच द्यायला हवी. येथे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टंकायची आहेत. आरमध्ये काम सोपे करणाऱ्या आरस्टुडिओ या प्रोग्रॅममध्ये पहिली तीन-चार अक्षरे टंकून टॅब कळ दाबली की पूर्ण नाव समोर येते, त्यामुळे स्पेलिंगची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

उभारणी

आधी आर आणि त्यानंतर आरस्टुडिओ बसवावे, या क्रमाने. मग ‘इन्स्टॉल.पॅकेजेस’ या आज्ञेने सर्व्हे, जीटीसमरी, एक्सेलची फाइल वाचणारे ‘रीडएक्सएल’ आणि वर्डमध्ये तक्ता पाठवणारे ‘फ्लेक्सटेबल’ ही चार पॅकेजे घ्यावीत. हे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते, पण रेंज जाणाऱ्या गावात करू नये. अर्धवट उतरलेले पॅकेज पुढे विचित्र चुका दाखवते. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन एकदा उरकून घ्यावे. आरची आवृत्ती ४.२.० किंवा तिच्यानंतरचीच असावी. २०२२ साली आलेल्या त्या आवृत्तीपासून विंडोजवर देवनागरी अक्षरे सरळ वाचली जातात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘पोड’ या शब्दाच्या जागी कंस, अक्षरे आणि आकडे यांची रांग दिसत असे आणि मराठीत काम करणारे लोक कंटाळून इंग्रजीकडे वळत.

माहितीचा तक्ता आरसाठी तयार करणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. मोबाइलवर कोबो टूलबॉक्ससारख्या साधनाने माहिती भरली असेल तर ती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. एका ओळीत एक घर आणि एका स्तंभात एक प्रश्न, एवढा नियम पाळावा. जोडलेले कप्पे, रंगवलेल्या ओळी आणि तळाशी टाकलेली बेरीज काढून टाकावी. स्तंभांची नावे इंग्रजी लिपीत, छोटी आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत. तक्त्यात दिसणारी मराठी नावे पुढे वेगळी देता येतात.

गावाचे नाव हे ओळख म्हणून वापरू नये. एक प्रगणक ‘पिंपळगाव’ लिहितो, दुसरा ‘पिंपळगांव’, तिसरा ‘पिंपळगाव पोड’, आणि आर त्यांना तीन गावे समजते. प्रत्येक गावाला आणि पोडाला क्रमांक द्यावा. जनगणनेचा संकेतांक उपलब्ध असल्यास उत्तमच. दुसरी अडचण अंकांची आहे. कोणी वयाच्या रकान्यात देवनागरीत ४५ लिहिले, तर आर ते अक्षर मानते आणि संख्येत बदलायला सांगितले की तो कप्पा रिकामा करते. असे कप्पे एक्सेलमध्येच शोधून इंग्रजी अंकांत बदलावेत. ‘माहीत नाही’साठी ९९ हा संकेत ठेवला असेल, तर तो रिकामा करावा, नाहीतर शेताची सरासरी काढताना कोणाच्या तरी नावावर ९९ एकर जमीन चढते. असे घडल्याचे मी एका अहवालात पाहिले आहे. सरासरी जमीनधारणा पाहून गावकरीच हसले.

होय आणि नाही या उत्तरांची आणखी एक गंमत आहे. जीटीसमरीला १ आणि ०, किंवा इंग्रजीतले येस आणि नो, ओळखता येतात आणि असा प्रश्न ते एकाच ओळीत मांडते. मराठीतले ‘होय’ त्याला केवळ एक शब्द वाटतो, म्हणून ते ‘होय’ची एक आणि ‘नाही’ची एक अशा दोन ओळी काढते. तक्ता आटोपशीर हवा असेल तर होयसाठी १ आणि नाहीसाठी ० ठेवावा. तसेच दहापेक्षा कमी वेगवेगळी मूल्ये असलेला संख्यांचा स्तंभ ते आपणहून वर्गवारी समजते. घरातील खोल्यांची संख्या सरासरीने हवी असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते.

भाराचा स्तंभ

मोठ्या गावाचा भार ६० कसा आला, हे आधी सरळ भागाकाराने सांगितले. प्रत्यक्षात तो दोन टप्प्यांच्या निवडीतून येतो. गावे घरसंख्येच्या प्रमाणात निवडली, तर १८० घरांचे गाव निवडले जाण्याची शक्यता २० गुणिले १८० भागिले १८,०००, म्हणजे ०.२ असते. त्या गावातल्या १८० पैकी १५ घरे घेण्याची शक्यता १५ भागिले १८०. दोन्हींचा गुणाकार एकषष्ठांश, आणि त्याचा व्यस्त ६०. गाव ३६० घरांचे असते तरी गुणाकार तेवढाच राहिला असता, कारण मोठे गाव निवडले जाण्याची शक्यता वाढते त्याच प्रमाणात त्यातले एक घर निवडले जाण्याची शक्यता घटते. मात्र गावे चिठ्ठ्या टाकून समान शक्यतेने निवडली आणि तरीही प्रत्येकी १५ च घरे घेतली, तर हा हिशेब लागू होत नाही. तेव्हा प्रत्येक गावाचा भार वेगळा निघतो. निवड कशी केली याची वही पाहणी संपल्यावरही जपून ठेवावी, असे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो. ती हरवली तर भार पुन्हा काढता येत नाहीत.

आता न मिळालेल्या घरांचा प्रश्न. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू असते, माणसे पहाटे शेतात जातात आणि संध्याकाळी परततात. दारावर कुलूप पाहून प्रगणक पुढे निघून जातो. एखाद्या गावात १५ पैकी १२ च घरे मिळाली, तर त्या १२ घरांनी १५ घरांची जबाबदारी उचलायची असते: ६० गुणिले १५ भागिले १२, म्हणजे भार ७५ होतो. १५ गुणिले ६० आणि १२ गुणिले ७५ दोन्ही ९०० येतात, याची तिथेच पडताळणी करावी. कुलूप लागलेल्या घराच्या जागी शेजारचे उघडे घर घेणे ही सोपी पळवाट आहे आणि ती पाहणीला आतून पोखरते, कारण दुपारी उघडे सापडणारे घर बहुधा मजुरीला न जाणाऱ्याचे असते. संध्याकाळी पुन्हा जाणे हाच खरा उपाय, भार वाढवणे हा दुसरा.

सर्व घरांच्या भारांची बेरीज करून पाहावी. ती २०,००० आली पाहिजे.

आराखडा एकदाच सांगणे

आता आरला ‘एसव्हीवायडिझाइन’ या आज्ञेने आराखडा सांगायचा. ती साधारण अशी दिसते:

आराखडा <- एसव्हीवायडिझाइन(आयडीज = ~गाव_क्र, स्ट्रॅटा = ~स्तर, वेट्स = ~भार, नेस्ट = ट्रू, डेटा = पाहणी)

यात आयडीज म्हणजे समूह, आणि पाहणी म्हणजे रीडएक्सएलने आरमध्ये वाचून घेतलेला माहितीचा तक्ता. स्तंभाच्या नावाआधीचे लहरीसारखे चिन्ह आवश्यक आहे. ते कीबोर्डवर १ च्या डावीकडच्या कळीवर, शिफ्ट दाबून मिळते. ‘ट्रू’ मात्र मोठ्या अक्षरांत लिहावे. नेस्टचा अर्थ असा, की दोन्ही स्तरांत गावांचे क्रमांक १ पासून सुरू झाले असले तरी मोठ्या गावांतला १ आणि पोडांतला १ वेगळे मानावेत. हे लिहिले नाही आणि क्रमांक खरोखर पुनरावृत्त असले, तर आर थांबते आणि समूह स्तरांत नीट बसत नाहीत अशी तक्रार करते. ही तक्रार उपकारच समजावी. अधिक धोकादायक गोष्ट वेगळी आहे: वेट्स हा भाग लिहायचा राहून गेला, तर आर सर्व घरांना समान शक्यता आहे असे गृहीत धरल्याचा इशारा देते, पण काम थांबवत नाही. लाल अक्षरांतला तो इशारा न वाचता पुढे जाणाऱ्याला पुन्हा तोच ५२ टक्क्यांचा आकडा मिळतो. भाराच्या स्तंभात एखादा कप्पा रिकामा असेल तर मात्र आज्ञा चालतच नाही.

पावसाने रस्ता तुटून एखाद्या स्तरात एकच गाव हाती लागले, तर त्या स्तरातला गावागावांतील फरक मोजता येत नाही आणि आर गणित नाकारते. ‘सर्व्हे.लोनली.पीएसयू’ या पर्यायाला ‘ॲडजस्ट’ हे मूल्य देऊन मार्ग काढता येतो. ही तडजोड आहे, आणि अहवालात तिचा उल्लेख व्हायला हवा.

येथे थांबून हाताने पडताळणी करावी. ‘एसव्हीवायमीन’ या आज्ञेने नळाच्या स्तंभाची भारित सरासरी मागावी, ०.६५५ यायला हवी, आणि तीच एक्सेलच्या समप्रॉडक्टनेही यायला हवी. दोन आकडे जुळेपर्यंत तक्त्याकडे वळू नये. वीज जाऊन लॅपटॉप बंद पडण्याच्या भीतीने आपण घाई करतो, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे आज्ञा लिहिलेली फाइल दर पाच मिनिटांनी जतन करणे.

तक्ता

आराखडा सिद्ध झाला की तक्ता ‘टीबीएल_एसव्हीवायसमरी’ या एका आज्ञेचे काम आहे. तिला आराखडा द्यावा, ‘बाय’मध्ये स्तर हा स्तंभ द्यावा म्हणजे मोठी गावे आणि पोड असे दोन उभे रकाने तयार होतात, ‘इन्क्लूड’मध्ये हवे ते प्रश्न द्यावेत आणि ‘लेबल’मध्ये त्यांची मराठी नावे. मागून ‘ॲड_ओव्हरऑल’ जोडले की संपूर्ण तालुक्याचा तिसरा रकाना येतो. ‘थीम_जीटीसमरी_लँग्वेज’ या आज्ञेला ‘एमआर’ हा संकेत दिला, तर तक्त्यातले ठराविक इंग्रजी शब्द मराठीत येतात; जीटीसमरीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नसते.

पहिला तक्ता पाहून नवखा माणूस गोंधळतो, कारण रकान्याच्या डोक्यावर १८,०००, २,००० आणि २०,००० असे आकडे असतात आणि नळाच्या ओळीत १२,६०० (७०%) असे लिहिलेले असते. आपण तर ५०० च घरे विचारली होती. हे भारित आकडे आहेत, आणि जीटीसमरी काही सांगितले नाही तर तेच दाखवते. माझे मत असे, की कप्प्यात केवळ टक्केवारी ठेवावी आणि डोक्यावर विचारलेल्या घरांची खरी संख्या द्यावी. १२,६०० हा आकडा छापला की वाचणाऱ्याला तेवढी घरे मोजली गेली असे वाटते. ‘स्टॅटिस्टिक’ या पर्यायात केवळ ‘पी’ मागितल्याने टक्केवारी उरते, आणि ‘मॉडिफाय_हेडर’ या आज्ञेत ‘एन_अनवेटेड’ लिहिल्याने डोक्यावर ३००, २०० आणि ५०० येतात. टक्केवारी भारित आणि घरसंख्या बिनभाराची, हा तक्त्याखालचा खुलासा एका वाक्यात द्यावा.

संख्यात्मक प्रश्नांसाठी, उदाहरणार्थ पाणी आणायला लागणारी मिनिटे, हे पॅकेज आपणहून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे उत्तर) आणि चतुर्थक (पाव आणि पाऊण वाटेवरची उत्तरे) दाखवते. ते सहसा योग्य असते, कारण पोडावरून विहिरीपर्यंत जाणाऱ्या दोन-चार घरांचा दीड तास सरासरीला ओढून नेतो. रिकामी उत्तरे टक्केवारीच्या छेदातून वगळली जातात आणि वेगळ्या ओळीत दाखवली जातात. ती ओळ लपवू नये.

टक्केवारी कोणत्या दिशेने काढली, हे तपासावे. ‘कॉलम’ असेल तर पोडांवरच्या घरांपैकी किती टक्क्यांत नळ आहे हे कळते. ‘रो’ असेल तर नळ असलेल्या घरांपैकी किती टक्के पोडांवर आहेत हे कळते. पहिल्याचे उत्तर २५ टक्के आहे. दुसऱ्याचे ५०० भागिले १३,१००, म्हणजे सुमारे ४ टक्के. ग्रामसभेत चुकीच्या दिशेचा आकडा वाचला गेला, तर पोडावरची माणसे तो आपल्यावरचा आरोप समजतील.

मोठी गावे आणि पोड यांतला फरक केवळ निवडीच्या योगायोगाने दिसतो आहे का, हे ‘ॲड_पी’ तपासते. वर्गवारीच्या प्रश्नांसाठी ते राव आणि स्कॉट यांनी सुचवलेली सुधारित काय-वर्ग चाचणी वापरते, जिच्यात भार, स्तर आणि समूह यांचा विचार असतो. यातले राव म्हणजे भारतात जन्मलेले आणि कॅनडातील कार्लटन विद्यापीठात काम केलेले जे. एन. के. राव. तरीही केवळ या चाचणीवर विसंबण्यापेक्षा ‘ॲड_सीआय’ने विश्वासमर्यादा दाखवणे मला अधिक प्रामाणिक वाटते, ‘पोडांवर १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान’ असे वाक्य सरपंचालाही समजते.

केवळ काही घरांचा तक्ता हवा असेल तेव्हा

महिला कुटुंबप्रमुख असलेल्या घरांचा वेगळा तक्ता काढायचा आहे, असे नेहमी घडते. एक्सेलमध्ये चाळणी लावून तेवढ्याच ओळी आरमध्ये घ्याव्यात, हा मोह आवरावा. मीही सुरुवातीला तसेच केले होते. टक्केवारी जशीच्या तशी आली म्हणून समाधानी होतो, आणि विश्वासमर्यादा चुकीच्या आहेत हे बऱ्याच उशिरा कळले. ज्या गावात असे एकही घर सापडले नाही, ते गाव चाळणीमुळे आराखड्यातूनच नाहीसे होते आणि सॉफ्टवेअरला वाटते, की आपण २० ऐवजी १७ च गावे निवडली होती. संपूर्ण माहितीवर आराखडा बांधावा आणि त्यानंतर ‘सबसेट’ या आज्ञेने आराखड्याचाच भाग काढावा.

अशा तक्त्यात घरे झपाट्याने कमी होतात. किती घरांखाली आकडा छापू नये, यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हापत्रकांतली रीत घेण्याजोगी आहे: २५ ते ४९ बिनभाराच्या नोंदींवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात, आणि २५ पेक्षा कमी असतील तर टक्केवारीच्या जागी केवळ तारांकित चिन्ह टाकतात. लक्षात घ्यावे, की ही मोजणी बिनभाराची आहे. २० घरांना ६० ने गुणून १,२०० झाली, म्हणून ती २० ची १,२०० होत नाहीत.

मोठ्या पाहण्यांच्या फाइली

गावपातळीवर हात बसला की हेच तंत्र राष्ट्रीय पाहण्यांना लावता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती आहे आणि तिचे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयोजन केले. तिच्या महिलांच्या फाइलमध्ये ‘व्ही००५’ हा भाराचा स्तंभ दशांशचिन्हाशिवाय असतो; वापरण्याआधी त्याला १०,००,००० ने भागावे. समूह ‘व्ही०२१’मध्ये असतो. कुटुंबांचा, पुरुषांचा आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नांचा भार वेगवेगळ्या स्तंभांत आहे आणि राज्यापुरत्या विश्लेषणासाठी राज्याचा भार निराळा. प्रश्न कोणाला विचारला होता हे पाहून भार निवडावा. या फाइलींतल्या भारांची बेरीज लोकसंख्येइतकी येत नाही, नमुन्याच्या संख्येच्या जवळपास येते, म्हणून त्यांवरून टक्केवारी काढता येते, पण ‘विदर्भात इतक्या लाख स्त्रिया’ असे विधान करता येत नाही.

तक्ता बाहेर काढणे

‘ॲज_फ्लेक्स_टेबल’ने तक्ता वर्डमध्ये पाठवावा आणि तिथे मंगल किंवा निर्मला यांसारखा टंक निवडावा, सरळ पीडीएफ केल्यास देवनागरीतली जोडाक्षरे तुटण्याची शक्यता असते. स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतात, त्यामुळे एक लाखापर्यंत काही बिघडत नाही, पण त्यापुढचे आकडे लाख-कोटींच्या पद्धतीत हाताने बदलावे लागतात. मूळ एक्सेल फाइल, आज्ञांची फाइल आणि गावांच्या निवडीची वही यांच्या प्रती एकाच फोल्डरमध्ये, पाहणीच्या वर्षासह नाव देऊन ठेवाव्यात. वहीची पाने मोबाइलने फोटो काढूनच साठवली तरी चालते, फक्त प्रत्येक पानावरचा गावाचा क्रमांक वाचता आला पाहिजे.